पासवर्ड विसरला, आता फॉर्मॅट मारायचा का?

दहावी-बारावीचे निकाल लागतात, प्रवेशाचे अर्ज सुरू होतात आणि घरोघरी कपाटातला लॅपटॉप बाहेर निघतो. कोणी तो लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला असतो, कोणाला दुबईहून मामूंनी पाठवलेला असतो. सहा-सहा महिने तो बंद असतो. चार्जर शोधण्यात अर्धी दुपार जाते. अखेर पडदा उजळतो आणि त्यावर एक चौकट येते: पासवर्ड लिहा. घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. अब्बा म्हणतात, भाईजानने टाकला होता. भाईजान फोनवर सांगतात, मी तर अम्मीचा नंबर टाकला होता. अम्मीचे तीन नंबर होऊन गेले. मग कोणीतरी तो शब्द उच्चारतो, ज्याच्याविरुद्ध हा लेख आहे: ‘फॉर्मॅट मारून आणू या.’

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, संगणक नव्हे. पण शाळेची ऑनलाइन माहिती भरायचे काम ज्या शिक्षकाच्या गळ्यात पडते, तो काही वर्षांत आपोआप मोहल्ल्याचा संगणकतज्ज्ञ होतो. त्या नात्याने आमच्याकडे जितके लॅपटॉप आले, त्यांतल्या बहुतेकांना फॉर्मॅटची गरज नव्हती. फॉर्मॅट म्हणजे घराची किल्ली हरवली म्हणून घर पाडणे. कुलूप कोणते आहे ते न पाहताच लोक पहार उचलतात.

सर्वांत आधी एक साधी शंका घ्यावी. पासवर्ड खरेच विसरला आहे, की बरोबर पासवर्ड चुकीचा उमटतो आहे? ज्या घरात मुले मराठी टाइप करतात आणि अब्बा उर्दू, त्या घरात ही शंका फार कामाची आहे. विंडोजमध्ये एकाहून अधिक भाषांचे कीबोर्ड बसवलेले असले की लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली भाषेचे छोटे चिन्ह दिसते. तिथे इंग्रजीऐवजी मराठी किंवा उर्दू आली असेल तर तुम्ही दाबता ‘के’ आणि आत उमटते भलतेच. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे कळायला मार्ग नसतो. त्या चिन्हावर क्लिक करून, किंवा विंडोजचे बटण दाबून ठेवून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. चौकटीच्या उजव्या टोकाला डोळ्याचे चित्र असते. ते दाबून धरले की ठिपक्यांऐवजी अक्षरे दिसतात. कॅप्स लॉक सुरू आहे का, तेही पाहावे. डेस्कटॉपच्या कीबोर्डवर नम लॉक बंद असेल तर उजवीकडच्या बटणांनी आकडे उमटतच नाहीत. जुन्या छोट्या लॅपटॉपमध्ये उलटा प्रकार होतो: नम लॉक सुरू राहिला तर काही अक्षरांच्या जागी आकडे उमटतात. या चार गोष्टी तपासायला दोन मिनिटे लागतात, आणि कित्येकदा मामला तिथेच मिटतो.

पिन अनेकदा चुकला की विंडोज मध्येच ‘ए१बी२सी३’ अशी अक्षरे टाइप करायला सांगते. ती पाहून लोक घाबरतात, व्हायरस आला म्हणतात. तसे काही नसते. तुमचा कीबोर्ड नीट चालतो आहे ना, एवढेच संगणक पाहत असतो. नव्या विंडोजमध्ये पासवर्ड १० वेळा चुकला तर १० मिनिटे दार बंद होते. तेवढा वेळ चहा घ्यावा. रागाने बटणे बडवून काही होत नाही.

आता एक प्रश्न, जो प्रत्येक घरात विचारला जातो: संगणकाला पासवर्ड बरोबर की चूक हे कळते, म्हणजे त्याला तो माहीत असणारच; मग दुकानदाराला तो आतून काढून का देता येत नाही?

याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. संगणकावर पासवर्डची पद्धत आली ती १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. तिथे एकच मोठा संगणक अनेक लोक वाटून वापरत. कोणाच्या फाइलला दुसऱ्याचा हात लागू नये म्हणून फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाला गुप्त शब्द दिला. हे सगळे शब्द एका फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले होते. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने ती आख्खी फाइल छापून घेतली. त्याला चोरीमारी करायची नव्हती. संगणक वापरायला आठवड्याला ४ तास मिळत, ते पुरत नव्हते, म्हणून दुसऱ्यांच्या नावाने बसायचे होते. वर्गात दुसऱ्याच्या नावाने ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलांची परंपरा तशी जुनीच.

त्यानंतर शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग धरला. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीतील पासवर्डांबद्दल जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात या मार्गाचे सविस्तर वर्णन आहे. पासवर्ड साठवायचाच नाही. तो गणिताच्या जात्यातून दळायचा आणि फक्त पीठ ठेवायचे. तुम्ही पुन्हा पासवर्ड लिहिला की संगणक तो नव्याने दळतो आणि दोन्ही पिठे ताडून पाहतो. जुळली तर दार उघडते. गव्हाचे पीठ करता येते, पिठाचा गहू करता येत नाही. म्हणून तुमचा पासवर्ड तुमच्या संगणकालाही माहीत नसतो. तो ‘काढून’ देता येत नाही, त्याच्या जागी नवा बसवता येतो. ‘रीसेट’ या शब्दाचा अर्थ एवढाच.

आता कुलूप ओळखायचे. घरगुती विंडोज संगणकाची खाती दोन प्रकारची असतात. एक मायक्रोसॉफ्ट खाते: त्याची किल्ली इंटरनेटवर, कंपनीकडे नोंदलेली असते. दुसरे स्थानिक खाते, ज्याला लोकल अकाउंट म्हणतात: त्याची किल्ली फक्त त्या एका संगणकात. लॉगिनच्या पडद्यावर नावाखाली ईमेलचा पत्ता दिसत असेल तर खाते मायक्रोसॉफ्टचे समजावे. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या लॅपटॉपांत बहुधा तेच असते, कारण पहिल्यांदा सुरू करताना विंडोज त्याचाच आग्रह धरते. दुकानातल्या मुलाने घाईघाईत ‘अंकल, जीमेल सांगा’ म्हणून ते उघडून दिलेले असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

इथेच मोठा घोटाळा होतो. खाते मायक्रोसॉफ्टचे, पण त्यासाठी दिलेला पत्ता जीमेलचा. मग लोक समजतात, जीमेलचा पासवर्ड तोच याचा पासवर्ड. तो चालत नाही म्हणून जीमेलचा पासवर्ड बदलतात. लॅपटॉप तरीही उघडत नाही. आता दोन्ही गेल्यासारखे वाटते. पत्ता एकच असला तरी ही दोन वेगळ्या घरांची दोन कुलुपे आहेत. जीमेल गुगलचे, लॅपटॉपचे खाते मायक्रोसॉफ्टचे. दुसरा घोटाळा पिनचा. रोज चार आकडी पिन टाकून आत जायची सवय झाली की मूळ पासवर्ड वर्षभर कोणी लिहीत नाही आणि तो मनातून जातो. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो. पासवर्ड त्या खात्याचा असतो, मग कोणत्याही यंत्रावरून उघडा. पिन विसरला असेल तर ‘आय फरगॉट माय पिन’ वर जाऊन पासवर्डाने नवा पिन करता येतो. दोन्ही विसरले असतील तर आधी पासवर्ड, मग पिन.

मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलायला तो लॅपटॉप लागतही नाही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये अकाउंट डॉट लाइव्ह डॉट कॉम, तिरकी रेघ, पासवर्ड, तिरकी रेघ, रीसेट हा पत्ता इंग्रजीत लिहावा. ईमेल द्यावा. मग कंपनी विचारते, खातरजमेचा कोड कुठे पाठवू? खाते उघडताना दिलेला मोबाइल नंबर किंवा दुसरा ईमेल अर्धामुर्धा झाकून दाखवते. कोड आला, तो लिहिला, नवा पासवर्ड ठरवला, की काम झाले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. नवा पासवर्ड लॅपटॉपला कळायचा तर लॅपटॉप इंटरनेटला जोडलेला हवा. तो जोडला नसेल तर बिचारा जुन्याच पिठाशी ताडून पाहत राहतो आणि तुम्ही म्हणता, नवा पासवर्डही चालत नाही. लॉगिनच्या पडद्यावरच खाली वायफायचे चिन्ह असते. मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करून तिथून जोडावे.

कोड जातो त्या नंबराचे काय? आपल्याकडे सिम बदलणे म्हणजे चप्पल बदलण्यासारखे. ज्या नंबरावर खाते उघडले तो तीन वर्षांपूर्वी रिचार्ज न केल्याने बंद झाला आणि आज कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो आहे, असे सर्रास घडते. नंबरही नाही आणि दुसरा ईमेलही नाही, तर खाते परत मिळवण्याचा एक लांबलचक फॉर्म कंपनी देते. त्यात आठवतील ते जुने पासवर्ड आणि खात्याबद्दलचे इतर तपशील विचारतात. उत्तरे पटली तर खाते मिळते, नाही तर नाही. खात्यातले सगळे नंबर-ईमेल एकदम बदलले तर कंपनी ३० दिवस थांबायला लावते. तुमच्या नावाने दुसरेच कोणी हे करत असेल, तर खऱ्या मालकाला कळायला सवड मिळावी, हा त्यामागचा हेतू. म्हणून लॅपटॉप चालू आहे, पासवर्ड आठवतो आहे, तेव्हाच आत जाऊन नंबर ताजा करून ठेवावा.

स्थानिक खात्याची तऱ्हा निराळी. २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये असे खाते उघडताना तीन सुरक्षा-प्रश्न विचारले जातात. पासवर्ड एकदा चुकला की खाली ‘रीसेट पासवर्ड’ असे येते. ते दाबले की तेच तीन प्रश्न समोर येतात, उत्तरे जुळली की लगेच नवा पासवर्ड करता येतो. इंटरनेट नको, दुकान नको. प्रश्न मात्र अमेरिकेत बसून काढलेले आहेत. तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचे नाव काय? आता बकरी ईदच्या दोन महिने आधी दारात आणून बांधलेला आणि मुलांनी ‘राजा’ नाव ठेवलेला बोकड यात धरायचा की नाही? तुमचे आईवडील कोणत्या शहरात भेटले? आमच्या पिढीतल्या बहुतेकांचे आईवडील निकाह झाल्यावरच भेटले. आणि सर्वांत मोठ्या ‘कझिन’चे नाव? इंग्रजीत एका शब्दात भागते. आपल्याकडे चचाजाद, मामूजाद, फुफीजाद, खालाजाद अशी चार दालने, प्रत्येकात आठ-दहा माणसे. उत्तर देतानाच भांडण व्हायचे.

गमतीचा भाग सोडला तरी यात दोन अडचणी खऱ्याच आहेत. पहिली स्पेलिंगची. आपली नावे रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिली जातात. एकाच घरात शाळेच्या दाखल्यावर शेखचे एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. मोहम्मदचे किती प्रकार आहेत ते विचारूच नका. संगणकाला शेख माहीत नाही, त्याला अक्षरे माहीत. जे स्पेलिंग तेव्हा लिहिले तेच आज हवे. उत्तर नाकारले गेले तर दुसऱ्या स्पेलिंगने पाहावे. आमच्याकडे आलेल्या एका मुलीचा लॅपटॉप ‘बेळगाव’चे स्पेलिंग बदलून पाहिल्यावर उघडला. दुसरी अडचण उलटी आहे. तुमचे लाडाचे नाव मुन्ना की गुड्डी, तुमची पहिली शाळा कोणती, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक असते. म्हणजे ती किल्ली उंबऱ्यावरच ठेवलेली. उत्तर खरेच असले पाहिजे असा काही नियम नाही. ‘जन्म कोणत्या शहरात’ याला ‘समोसा’ असे उत्तर दिले तरी संगणक हसत नाही. आपल्याला ते आठवले म्हणजे झाले.

आणखी एक वाट फार लोक विसरतात. त्याच संगणकावर दुसरे कोणाचे खाते आहे का? मुलीचे, भावाचे, कोणाचेही. त्या खात्याला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चा अधिकार असेल तर त्यातून कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, ‘यूजर अकाउंट्स’खाली, दुसऱ्या स्थानिक खात्याला नवा पासवर्ड देता येतो. शाळांनी तर हे करूनच ठेवावे. शिक्षकाची बदली होते आणि शाळेच्या संगणकाचा पासवर्ड त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो, हा अनुभव कोणत्या मुख्याध्यापकांना नाही? दोन अधिकारी खाती, एक शिक्षकाचे, एक मुख्याध्यापकांचे, एवढ्याने हे संकट टळते. मात्र अशा तऱ्हेने दुसऱ्याने पासवर्ड बदलला की त्या खात्यात साठवलेले इतर पासवर्ड, विशेषतः ब्राउझरने लक्षात ठेवलेले, हातचे जाऊ शकतात. विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद केलेल्या फाइलीही उघडत नाहीत. फोटो, पत्रे, साध्या फाइली जिथल्या तिथे राहतात. पेनड्राइव्हवर ‘पासवर्ड रीसेट डिस्क’ करून ठेवण्याची सोयही विंडोजमध्ये जुनी आहे, पण ती विसरण्याआधी करावी लागते. ती करून ठेवलेला माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे.

यातले काहीच नसेल तर? संगणक जुना आहे, स्थानिक खाते आहे, प्रश्न नाहीत, दुसरे खाते नाही, आणि ज्याला पासवर्ड माहीत होता तो माणूसच राहिला नाही. ही वेळ आता आपल्या घरांवर येऊ लागली आहे.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ हार्डवेअरचे दुकान चालवत. सचोटीचा माणूस. आखातात जाणारी गावची पोरे त्यांच्याकडे पैसे ठेवून जात. बँकेपेक्षा त्यांच्यावर भरवसा जास्त. आधी ते वहीत लिहीत. मुलाने जुना डेस्कटॉप दिल्यावर हळूहळू सगळा हिसाब त्यात गेला. एका रात्री त्यांचा इंतिकाल झाला. चाळिसाव्यानंतर त्यांच्या बीबीने तो संगणक बाजारातल्या एका दुकानात नेला. दुकानातल्या मुलाने सवयीने सांगितले, पाचशे रुपये, फॉर्मॅट मारून संध्याकाळी देतो. त्या बाई फार शिकलेल्या नाहीत, पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला: ‘आतला हिसाब राहील ना?’ मुलगा म्हणाला, नाही राहणार. त्यांनी तो डबा उचलला, रिक्षात घातला आणि परत आणला. घरी सासरच्या मंडळींनी समजूत घातली, जाऊ द्या, ज्याचे असेल तो येईल मागायला. त्यांचे म्हणणे असे की जो येईल त्याचे देऊच, पण जो येणार नाही त्याचे काय? मरहूमच्या मालातून आधी कर्ज फेडायचे, मग वारसांची वाटणी, हे आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. इथे कर्ज किती हेच कळायला मार्ग नव्हता. वाटणी थांबली. दोन दिरांनी बोलणे सोडले.

त्या संगणकावर विंडोज ७ होते. आम्ही पासवर्डाच्या नादी लागलोच नाही. संगणकाच्या डब्याचे चार स्क्रू काढले, आतली हार्ड डिस्क बाहेर घेतली आणि यूएसबीने जोडता येणाऱ्या एका केसमध्ये बसवून आमच्या लॅपटॉपला लावली. असे केस बाजारात काही शे रुपयांना मिळते. लॉगिनचा पासवर्ड विंडोजच्या दारावर असतो. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की ते दार मधे येतच नाही. डिस्कवर वेगळे कुलूप नसेल तर सगळ्या फाइली दिसतात. एखादे वेळी परवानगी नाही असा संदेश येतो, तो ‘कंटिन्यू’ म्हणून ओलांडता येतो. दहा मिनिटांत त्यांचे कागद समोर होते. मुलींच्या लग्नांचे फोटो, दुकानाची बिले आणि ‘हिसाब’ नावाची एक एक्सेल फाइल. तिच्यात लोकांकडून येणे होते ते वेगळे, आणि देणे होते ते वेगळे लिहिलेले. तीन अमानती होत्या. त्यांतले दोघे आधीच घरी येऊन गेले होते. तिसरा मस्कतमध्ये होता, त्याने कोणाला काही सांगितले नव्हते आणि त्याच्याकडे कागदही नव्हता. त्याला फोन त्या बाईंनी स्वतः केला. वाटणी त्यानंतर झाली.

आणखी एक फाइल होती. तिच्या नावातून काही कळत नव्हते आणि तिला स्वतःचा पासवर्ड होता. आम्ही मुलांच्या जन्मतारखा, दुकानाचे नाव, सगळे करून पाहिले. उघडली नाही. नव्या एक्सेलमध्ये फाइलीला घातलेला पासवर्ड म्हणजे खरे कुलूप. ते डिस्क काढून टळत नाही. मोठ्या मुलाला वाटते त्यात काही तरी असणार. अम्मी म्हणतात, असेल तर अल्लाहला ठाऊक. ती फाइल एका पेनड्राइव्हवर त्यांच्या कपाटात आहे.

हा उपाय वाचून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. एक, लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दाराची कडी, तिजोरी नव्हे. जुना संगणक भंगारात किंवा ओळखीत विकताना ‘पासवर्ड आहे, कोण उघडणार’ म्हणून निर्धास्त राहू नये. डिस्क पुसून किंवा काढून मगच द्यावा. दोन, नव्या लॅपटॉपांत हा उपाय चालेलच असे नाही. त्यांत बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असते. आख्खी डिस्कच सांकेतिक करून ठेवलेली. २०२४ च्या विंडोज ११ पासून तर मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बहुतेक नव्या यंत्रांत हे न विचारताच चालू होते. चोराच्या दृष्टीने उत्तम बंदोबस्त, पण घरच्यांनाही तोच लागू. डिस्क काढून दुसरीकडे लावली, किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, की निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती नसेल तर आतली माहिती परत मिळवणे कंपनीच्याही हातात नाही. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप साठलेली असते. एकेए डॉट एमएस, तिरकी रेघ, मायरिकव्हरीकी या पत्त्यावर आपल्या खात्याने आत गेले की ती दिसते. आज संध्याकाळी एवढे एक काम करावे: ती किल्ली उघडून कागदावर उतरवून घ्यावी. आठ गटांत सहा-सहा आकडे असतात. मुलांना शुद्धलेखनासारखे लिहायला बसवले तरी चालेल.

आणि ज्या लॅपटॉपात जपण्यासारखे खरेच काही नाही, त्याचे काय? तो दुकानात न नेताही कोरा करता येतो. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्टचे बटण दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ निवडावे. पुढे ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘रीसेट धिस पीसी’. सगळे काढून टाकण्याचा पर्याय निवडला की विंडोज स्वतःच नव्याने बसते. आतले सगळे जाते, हे मात्र दोनदा वाचून मगच बटण दाबावे.

दुकानात जायचेच असेल तर वाक्य बदलावे. ‘पासवर्ड काढून द्या’ म्हणू नये, ‘आधी डेटा दुसरीकडे घ्या, मग जे करायचे ते करा’ म्हणावे आणि शक्यतो समोर बसून करून घ्यावे. त्यात घरातल्या बायका-मुलींचे फोटो असतात, हे वेगळे सांगायला नको. चांगला दुकानदार यंत्र तुमचेच आहे ना, हे विचारतो. बिल मागितले तर रागावू नये. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. यात भाऊ-भाऊजी असा अपवाद लिहिलेला नाही.

याहून मोठा धोका घरबसल्या येतो. पासवर्ड विसरला की लोक गुगलवर ‘मायक्रोसॉफ्ट कस्टमर केअर नंबर’ शोधतात. तिथे मिळणारे कित्येक नंबर ठगांचे असतात. ते गोड बोलतात, मोबाइलमध्ये एखादे अ‍ॅप घ्यायला लावतात, त्यातून तुमचा पडदा त्यांना दिसतो, आणि बँकेचा ओटीपी आला की खाते रिकामे. संगणकाच्या पडद्यावर धोक्याची सूचना आणि खाली फोन नंबर असे एकत्र दिसले तर ते खोटेच समजावे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत फोन नंबर नसतो. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता त्याच घटकेला १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

राहता राहिला नवा पासवर्ड. आपल्या लोकांचा पासवर्ड ओळखायला ठगाला फार अक्कल लागत नाही: नाव आणि पुढे ७८६. पिन असेल तर ७८६०. बरकतीसाठी लिहिले असेल, पण दाराला हेच कुलूप सगळ्या गल्लीने लावलेले आहे. जुना सल्ला असा होता की एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला आणि दर तीन महिन्यांनी बदला. अमेरिकेतल्या ज्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या पुस्तिकेतून हा सल्ला जगभर गेला, त्याच संस्थेने २०१७ मध्ये तो मागे घेतला. कारण लोक त्यामुळे सोपे, ठरावीक साच्याचे पासवर्ड करतात आणि विसरतात. आता भर लांबीवर आहे. ब्रिटनचे सायबर सुरक्षा केंद्र एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द जोडायला सांगते. आपल्याला तर दोन-तीन भाषा येतात, याचा फायदा घ्यावा. एक शब्द मराठी, एक उर्दू, एक स्वयंपाकघरातला, रोमन अक्षरांत. स्पेलिंग मात्र एकदाच ठरवून टाकावे.

आणि तो लिहून ठेवावा, हो, कागदावर. ‘पासवर्ड लिहू नये’ हा नियम कचेरीत टेबलावर चिठ्ठी चिकटवणाऱ्यांसाठी होता. परदेशात बसलेल्या ठगाचा हात तुमच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. खात्याचा ईमेल, पासवर्ड, कोणता मोबाइल नंबर जोडला आहे तो, आणि ती ४८ आकडी किल्ली, एवढे एका कागदावर लिहून पाकिटात घालावे. पाकीट निकाहनामा, रेशनकार्ड आणि घराचे कागद असतात तिथेच ठेवावे. घरातल्या एका भरवशाच्या माणसाला जागा सांगावी, मजकूर सांगायची गरज नाही. आमच्या घरी ते पाकीट पीठ-तांदळाच्या डब्यांमागे असते असे मुलांना वाटते. तिथे नाही.